मेंदूवरील शस्त्रक्रिया आणि वाचाघात

मेंदूतील गाठ किंवा अपस्माराचे (फिट येण्याचे) केंद्र काढताना भाषेशी निगडित भागांना वा तंतूंना इजा झाल्यास बोलणे, समजणे, वाचणे किंवा लिहिणे बिघडते; यालाच वाचाघात म्हणतात. बहुतेक उजवखुऱ्या व्यक्तींत हे भाग प्रमस्तिष्काच्या (मोठ्या मेंदूच्या) डाव्या गोलार्धात असतात.

डाव्या गोलार्धाच्या या शोधाचे श्रेय वादग्रस्त आहे. फ्रेंच शल्यचिकित्सक पॉल ब्रोका यांनी १८६१ मध्ये ‘तान’ एवढेच उच्चारू शकणाऱ्या लबोर्न्य या रुग्णाच्या ललाटखंडातील (मेंदूच्या कपाळामागील भागातील) विकृती दाखवली; तो भाग पुढे ब्रोका क्षेत्र म्हणून ओळखला गेला. डाव्या बाजूचा सिद्धांत मात्र त्यांनी १८६५ मध्ये स्पष्टपणे मांडला. त्याच वर्षी फ्रेंच डॉक्टर ग्युस्ताव्ह डाक्स यांनी आपले वडील डॉ. मार्क डाक्स यांचे टिपण प्रसिद्ध केले. त्यात हाच निष्कर्ष होता आणि ते १८३६ चे असल्याचे सांगितले गेले. ते त्या वेळी माँपेल्ये येथे वाचले गेल्याची समकालीन नोंद मात्र मिळालेली नाही. ब्रोका व मार्क डाक्स यांचे निष्कर्ष स्वतंत्र मानणे अधिक सयुक्तिक वाटते. लबोर्न्यच्या जतन केलेल्या मेंदूच्या एमआरआय तपासणीत (२००७) विकृती ब्रोका क्षेत्रापलीकडे खोलवरच्या तंतूंपर्यंत पोहोचल्याचे दिसले. शल्यचिकित्सेच्या दृष्टीने ही बाब श्रेयाच्या वादाहून महत्त्वाची ठरते.

भाषेची जागा व्यक्तिपरत्वे बदलते. म्हणून माँट्रिऑल येथे मेंदूचे शल्यचिकित्सक वाइल्डर पेनफील्ड यांनी रूढ केलेल्या पद्धतीनुसार रुग्णाला जागे ठेवून, स्थानिक भूल देऊन मेंदूच्या पृष्ठभागावर सौम्य विद्युत् उद्दीपन करतात. मेंदूला स्वतःची वेदना नसते. चित्रे ओळखून नावे सांगताना रुग्ण अडखळला, तर ती जागा वगळतात. १९८९ मध्ये जॉर्ज ओजमन व सहकाऱ्यांनी ११७ रुग्णांत अशा जागांची मोठी विविधता नोंदवली. भाषा कोणत्या गोलार्धात आहे हे ठरवण्यासाठी जून वाडा यांची चाचणी वापरत; तीत मानेतील ग्रीवा धमनीत ॲमोबार्बिटाल हे औषध टोचून एक गोलार्ध तात्पुरता बधिर करत. आता तिची जागा बऱ्याच अंशी कार्यात्मक एमआरआयने (मेंदूचे कोणते भाग काम करत आहेत हे दाखवणाऱ्या तपासणीने) घेतली आहे.

शस्त्रक्रियेनंतर लगेच बिघडलेली वाचा पुष्कळदा सूज ओसरल्यावर सुधारते. ललाटखंडाच्या आतील बाजूस असलेल्या पूरक प्रेरक क्षेत्राच्या (हालचाली व बोलणे सुरू करण्यास मदत करणाऱ्या भागाच्या) शस्त्रक्रियेनंतर येणारे मौन सहसा काही आठवड्यांत ते महिन्यांत ओसरते. लहान मुलांत निमस्तिष्काजवळील (लहान मेंदूजवळील) गाठ काढल्यावर एक-दोन दिवसांनी बोलणे बंद पडू शकते. ते परत आले, तरी उच्चार बराच काळ अस्पष्ट राहू शकतात. डावा शंखखंड (मेंदूचा कानाजवळील भाग) काढलेल्या प्रौढांत नेमका शब्द न आठवण्याची अडचण अनेकदा टिकते. वाक्-उपचारांचा उपयोग होतो. अगदी लहानपणी डावा गोलार्ध काढावा लागल्यास उजवा गोलार्ध भाषेचा बराचसा भार उचलतो. प्रौढांत ही क्षमता मर्यादित असते.

द्विभाषिक रुग्णांत दोन्ही भाषांच्या जागा अंशतः वेगळ्या आढळल्याने उद्दीपनाची चाचणी प्रत्येक भाषेत स्वतंत्रपणे घेतात.