धसका घेतलेल्या मुलांसाठी आणि मोठ्यांसाठी : आमच्या समुपदेशन केंद्राची माहिती

"पोट्टं बिघडलं मॅडम," असं सांगत येणाऱ्या आईबापांना आम्ही पहिल्या भेटीत एकच विचारतो : कधीपासून? तारीख बहुतेकांना सांगता येत नाही, प्रसंग मात्र लगेच आठवतो. त्याचे बाबा गेले तेव्हापासून. आम्ही वीटभट्टीवर गेलो, त्याला आजीजवळ ठेवलं, तेव्हापासून. आश्रमशाळेत टाकलं तेव्हापासून. घरात रोज रात्री भांडणं सुरू झाली तेव्हापासून. म्हणजे कारण घरच्यांना ठाऊक असतं. ते कारण आणि पोराचं आजचं वागणं यांची गाठ कोणी मारून दिलेली नसते, इतकंच. आमचं काम तिथून सुरू होतं.

डॉक्टरी भाषेत याला ट्रॉमा म्हणतात, पुस्तकी मराठीत मनावरचा आघात. आपल्या गावात त्याहून नेमका शब्द आहे : धसका. पोरानं धसका घेतला, असं आपण म्हणतो. घटना बाहेर घडते, माणूस ती आत घेतो, आणि बाहेरची संपली तरी आतली राहते. हे सगळं त्या एका शब्दात आलं आहे.

धसका शरीरात कसा राहतो

पीक हाताशी आलं की डुकरांपासून राखायला माणूस जागलीला जातो. मचाणावरची झोप कशी असते, हे शेतकऱ्याला सांगायला नको. पान हललं तरी बॅटरी लागते, आरोळी निघते. दहापैकी नऊदा वाराच असतो. पण एखाद्या वेळी खरोखरच कळप शिरलेला असतो, म्हणून आधी ओरडायचं आणि मग बघायचं.

मोठ्या आघातानंतर शरीर असंच जागलीवर बसतं आणि पीक घरी आलं तरी खाली उतरत नाही. छाती धडधडते, झोप मोडते, कुणी मागून हाक मारली तरी दचकायला होतं. लहान मुलं हे बोलून दाखवत नाहीत, वागून दाखवतात. सात-आठ वर्षांचं मूल पुन्हा अंथरूण ओलं करायला लागतं. शाळेच्या वेळी नेमकं पोट दुखतं, आणि ते खरोखर दुखतं, सोंग नसतं. कोणी आईचा पदर सोडत नाही, तर कोणी आईलाही हात लावू देत नाही. काही मुलं मारतात, चावतात. काही अगदी गुणी होऊन जातात. त्यांच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही, म्हणून त्यांची आम्हाला जास्त काळजी वाटते. पोराचं वर्गात लक्ष नाही, असं गुरुजी सांगतात. त्याचं लक्ष असतं, पण सगळं दाराकडे लागलेलं असतं.

आठवण एखाद्या साध्या वस्तूलाही चिकटून बसते. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. कितीतरी माणसं दवाखान्यात पडली आणि वाचून घरी आली. अशा घरातल्या मुलानं बापाला खाटेवर टाकून नेताना पाहिलेलं असतं. पुढे दरवर्षी शेजारच्या वावरात पंप सुरू झाला की त्या वासानं त्याला मळमळतं. घरचे म्हणतात, नाटक करते. वास नाकात शिरला की पोराच्या शरीरापुरता तोच दिवस पुन्हा उगवतो, आणि हे त्याच्या हातात नसतं.

मूल कुणाच्या भरवशावर चालतं

नुकतं चालायला लागलेलं मूल ओसरीवर पाहा. चार पावलं जातं, वळून आईकडे बघतं, पुन्हा चार पावलं जातं. पडलं तर रडत तिच्याकडेच येतं, कुशीत जरा वेळ राहतं आणि परत निघतं. या येण्या-जाण्यालाच मानसशास्त्रात अटॅचमेंट म्हणतात. आम्ही त्याला बंध म्हणतो. जॉन बोल्बी या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञानं दुसऱ्या महायुद्धात घर तुटलेल्या मुलांविषयी १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी अहवाल लिहिला, तेव्हापासून या विषयाचा शिस्तीत अभ्यास सुरू झाला. त्यांच्या सहकारी मेरी एन्सवर्थ यांनी युगांडातल्या खेड्यांत घरोघरी बसून आई आणि बाळं महिनोन् महिने पाहिली. पोट भरण्याइतकीच मुलाला एका ठरलेल्या, हाकेला धावून येणाऱ्या माणसाची गरज असते, हे त्यातून पुढे आलं.

आपल्याकडे तो माणूस आईच असेल असं नाही. आजी असते, मोठी बहीण असते, काका असतो. एका मुलाचे असे दोन-तीन बंध असू शकतात आणि ते चांगलंच. त्यामुळे नवरा गेल्यावर मजुरीला जाणाऱ्या बाईला "तू घरी नसते म्हणून पोरगं असं झालं" असं कोणी म्हणालं, तर त्यांना हे पत्रक वाचायला द्या. दिवसभर घरी असणं नसणं याहून मोठी गोष्ट आहे ती संध्याकाळी आल्यावर तो अर्धा तास पोराचा असणं. आई चिडते, थकते, ओरडते. कोणत्याच घरात चोवीस तास सूर जुळलेला नसतो. नंतर जवळ घेऊन "मी उगाच ओरडले रे" म्हणणं, याला बंधात फार मोल आहे.

धसका घेतलेल्या मुलाच्या बाबतीत अडचण अशी की ज्या माणसाकडे धावायचं तोच गेलेला असतो, किंवा त्याचीच भीती वाटत असते, किंवा तो स्वतःच दुःखात इतका बुडालेला असतो की त्याला हाक ऐकू येत नाही. म्हणून आम्ही मुलाला एकटं घेऊन "दुरुस्त" करून परत देत नाही. घरातला एक माणूस आमच्याबरोबर या कामात बसतोच.

खोलीत काय होतं

पहिल्या भेटीला मुलाला आणू नका. आधी तुम्ही या. मुलासमोर त्याच्या तक्रारी सांगितल्या जाऊ नयेत, यासाठी हा नियम. दुसऱ्या वेळी मूल येतं. खोलीत सतरंजी आहे, माती आहे, रंग आहेत, बाहुल्या आहेत आणि तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल आहेत. या बैलांनी आमच्याकडे फार काम केलं आहे.

एका मुलाचं सांगतो. ओळख पटू नये म्हणून दोन-तीन मुलांच्या गोष्टी एकत्र केल्या आहेत. हा मुलगा आला की बैल उचलायचा, कपाटामागे भिंतीकडे तोंड करून ठेवायचा आणि तिथंच पाठ टेकून बसायचा. बोलणं नाही. चार बैठका असंच चाललं. आम्ही विचारलं नाही, फक्त म्हणायचो, "त्याले तिथं बरं वाटते, नाही?" पाचव्या वेळी त्यानं विचारलं, "याले पाणी कोण देते?" "तू सांग, कोण देईल?" बराच वेळ गेला. मग त्यानं बाटलीचं झाकण उघडलं, त्यात पाणी ओतलं आणि भिंतीशी बसलेल्या आजीसमोर धरलं. "तू पाज." अशा वेळी काही विचारायचं नाही, रडू आलं तर येऊ द्यायचं, एवढं आम्ही आजीला आधी सांगून ठेवलं होतं. तिनं काही विचारलं नाही. बैल मांडीवर घेतला आणि त्याला पाणी पाजलं. बापाविषयी तो बोलला त्याला त्यानंतरही महिना लागला, आणि बोलला तो आमच्याशी नाही, आजीशी. आम्हाला हेच हवं होतं.

काय झालं ते सांग, असा तगादा आम्ही कधीच लावत नाही, मोठ्यांनाही नाही. आधी झोप, श्वास, घरातली घडी. अंगातली जागल थोडी उतरू द्यायची. आठवणीला हात घालायचा तो त्यानंतर, तोही थोडा थोडा. मुलांसाठी वापरली जाणारी एक चांगली पारखलेली पद्धत साधारण १२ ते १६ बैठकांची आहे, पालकासह. मोठ्यांसाठी डोळ्यांच्या हालचालींचा वापर करणारी एक पद्धत आहे, ईएमडीआर. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ साली आघातानंतरच्या त्रासासाठी या दोन्ही प्रकारच्या उपचारांची शिफारस केली. दीर्घकाळ मार किंवा दुर्लक्ष सोसलेल्या माणसाला मात्र इतक्या बैठका पुरत नाहीत, आणि ते आम्ही सुरुवातीलाच सांगतो.

एक इशारा इथंच द्यायला हवा. बंधाच्या नावाखाली मुलाला जबरदस्तीनं दाबून धरणं, रडेपर्यंत कवटाळणं, असे प्रकार परदेशात चालले आणि त्यातल्या एकात २००० साली अमेरिकेत १० वर्षांच्या मुलीचा गुदमरून जीव गेला. असं काही कोणी उपचार म्हणून सुचवलं तर मुलाला घेऊन तिथून उठा. आमच्याकडे मुलाच्या इच्छेविरुद्ध त्याला कोणी हात लावत नाही.

मोठ्यांचं काय

"मले रडू येत नाही, राग येते," असं एक गृहस्थ म्हणाले होते. स्वतःचं तान्हं बाळ रडायला लागलं की ते घराबाहेर निघून जात, कारण आत थांबलो तर हात उठेल अशी त्यांना भीती वाटे. लहानपणी ते रडले की मार मिळायचा. अमेरिकेत १९९८ साली ९ हजारांहून अधिक प्रौढांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बालपणी मारहाण, घरातलं व्यसन, आईवर होणारा अत्याचार असे प्रकार ज्यांच्या वाट्याला जितके जास्त आले, त्यांच्यात मोठेपणी नैराश्य, दारू, अगदी हृदयविकाराचंही प्रमाण तितकं जास्त आढळलं. हे प्रमाण म्हणजे कपाळावरचं लिखित नव्हे. पण लहानपणचं लहानपणी संपतं, असं आम्हाला कोणी सांगितलं तर आम्ही मान डोलावणार नाही.

मोठी माणसं आमच्याकडे बहुतेक वेळा मुलाच्या निमित्तानं येतात आणि तिसऱ्या-चौथ्या भेटीत स्वतःचं काढतात. तसं झालं तरी चालतं. थेट स्वतःसाठी आलात तरी चालतं. नवरा गेल्यानंतर कर्ज, शेत आणि सासर एकटीनं ओढणाऱ्या बायकांसाठी आम्ही सोमवार दुपार राखून ठेवली आहे.

गावात कळेल का?

ही भीती सगळ्यांना असते. "कायले नेता त्याले तिथं? येडा हाय का तो?" हे ऐकूनच लोक येतात. आमच्या पाटीवर फक्त 'समुपदेशन' लिहिलं आहे. बाजाराच्या दिवशीची वेळ मागून घेतलीत तर तालुक्याला का आलात हे कोणी विचारत नाही. उपचार घेणाऱ्याची माहिती गुप्त राहण्याचा हक्क मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नं मान्य केला आहे. त्याच कायद्यानुसार, जीव देण्याचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरलं जातं आणि त्याला शिक्षा होत नाही. केस होईल या भीतीनं असं माणूस घरात लपवून ठेवू नका.

दोन बाबतींत आम्ही गप्प राहू शकत नाही. कुणाच्या जिवाला धोका असेल तर, आणि १८ वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर. पॉक्सो कायदा २०१२ प्रमाणे हे कळलेल्या प्रत्येकानं पोलिसांना सांगणं बंधनकारक आहे, मग करणारा घरातला का असेना. त्या वाटेवर आम्ही तुमच्यासोबत येतो, ठाण्यातही.

आम्ही औषधं देत नाही. फिट येणं, न दिसणारी माणसं दिसणं, दिवसेंदिवस न जेवणं असं काही असेल तर आम्ही आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवतो : यवतमाळला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, गरज पडल्यास नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात. देवाला जाणं, दृष्ट काढणं याला आमची आडकाठी नाही. आजीनं मीठ-मोहरी ओवाळताना मूल शांत होतं, कारण तेवढा वेळ कोणीतरी पूर्ण त्याच्याकडे बघत असतं. बाधा काढायच्या नावानं मारणं, धुरी देणं, कोंडणं मात्र लगेच थांबवा. तो गुन्हा आहे आणि धसका दुप्पट होतो.

भेटीची वेळ मिळेपर्यंत

कामावर जाताना पोराचा डोळा चुकवून निघू नका. रडलं तरी सांगून जा, कधी येणार ते सांगा आणि त्या वेळेला या. "सोडून जाईन", "पोलिसाले देईन" हे धाक बंद करा. गेलेल्या माणसाचं नाव घरात घेऊ द्या, फोटो उलटा करून ठेवू नका. "बाबा गावाला गेले" असं मुलाला सांगितलं असेल तर ते कसं सोडवायचं हे आपण भेटीत ठरवू. घरात कोणी मरणाची भाषा करत असेल तर त्या माणसाला एकटं सोडू नका आणि शेतीची औषधं कुलपात किंवा शेजाऱ्याकडे ठेवा.

रात्री-बेरात्री आमचा फोन बंद असतो. तेव्हा १४४१६ वर टेली मानसला फोन करा. २४ तास, मोफत, मराठीत बोलता येतं. मुलांसाठी १०९८, तातडीच्या संकटात ११२.

पहिल्या भेटीची फी नाही. पुढची फी तुमच्याशी बोलून ठरते. हंगामावर द्यायची असेल तरी आम्ही थांबतो, आणि पैशापायी कोणाची बैठक बंद केलेली नाही. एक बैठक पाऊण तासाची. वेचणीच्या दिवसांत रविवारी सकाळीही बसतो. पत्ता आणि फोन नंबर पत्रकाच्या मागे आहे. शेवटच्या बसची वेळ फोनवर आधी सांगून ठेवा, त्या हिशेबानं तुमचा नंबर लावू. मुलाला आणाल तेव्हा त्याचं एखादं आवडतं खेळणं किंवा पांघरूण सोबत आणू द्या. कितीही मळकं असलं तरी धुऊन आणू नका.