पक्ष्याच्या पायात कडी दिसली? नोंद वाया जाऊ नये म्हणून

अभ्यासासाठी क्रमांकाची कडी घातलेला पक्षी सापडल्याचं कोणीही कळवू शकतं. परवाना लागतो तो कडी घालणाऱ्याला, कळवणाऱ्याला नाही. जात ओळखता आली नाही तरी अडत नाही; क्रमांकावरून कड्यांची नोंद ठेवणारं केंद्र ती शोधून काढतं. तरीही कित्येक नोंदी निकामी ठरतात, आणि चुका त्याच त्या असतात.

सगळ्यात मोठी चूक अर्ध्या क्रमांकाची. क्रमांक कडीभोवती वळलेला असतो, एका फोटोत तो मावत नाही. कडीचे सगळ्या बाजूंनी फोटो घ्या. अंकांआधीची अक्षरं आणि कडीवरच्या पत्त्याचा तुकडाही जसाच्या तसा उतरवा, कारण कडी कोणत्या केंद्राची हे पत्त्यावरूनच ठरतं. झिजलेल्या अंकाच्या जागी प्रश्नचिन्ह टाका. अंदाजाने भरलेला अंक भलत्याच पक्ष्याची माहिती पुढे आणतो.

मे १९११ मध्ये इंग्लंडमधले वकील जॉन मेसफील्ड यांनी एका माळभिंगरीला ‘बी ८३०’ ही कडी घातली. डिसेंबर १९१२ मध्ये ती दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांतात एका शेतघरात सापडली. तिथून लंडनला गेलेल्या पत्रात कडीवरचा पत्ता आणि क्रमांक दोन्ही नीट लिहिलेले होते, म्हणून तर या भिंगऱ्या हिवाळ्यात कुठवर जातात याचा पुरावा हाती आला.

दुसरा घोळ तारखेचा. ‘दोन वर्षं झाली, आता कोण घेणार’ असं म्हणून कड्या खणात पडून राहतात. नोंदीला मुदत नसते हो! अर्जातली तारीख म्हणजे पक्षी सापडला तो दिवस. अर्ज भरला तो नव्हे. दिवस आठवत नसेल तर महिना लिहा, ‘अंदाजे’ असा शेरा द्या. मेलेला पक्षी ताजा होता की नुसती हाडं उरली होती, हेही सांगा.

अक्षांश-रेखांशाचा रकाना पाहून माणसं मागे फिरतात. हा रकाना सामान्य माणसापुढे का ठेवतात, मला खरंच कळत नाही. फोनच्या नकाशावर जागेवर बोट दाबून धरलं की आकडे दिसतात. नाहीतर जवळचं गाव, अंतर आणि दिशा लिहा. ‘कसा सापडला’ हा रकानाही कोरा सोडू नका. जाळ्यात, तारेवर, मांजराच्या तोंडात, जे असेल ते लिहा. पक्षी कशाने मरतात हे कळायला तेवढाच आधार असतो.

रंगीत कड्या असतील तर रंगांचा क्रम वरून खाली लिहा. डावा पाय म्हणजे पक्ष्याचा डावा, तुमच्या समोरचा नव्हे.

कबुतराची कडी अखंड, बिनजोड असेल तर ती बहुधा पाळीव किंवा शर्यतीच्या कबुतराची. ती चौकशी कबुतरपालकांच्या संघटनेकडे करा.

जिवंत पक्ष्याची कडी कृपा करून काढू नका, पाय मोडतो. मेलेल्या पक्ष्याची झिजलेली कडी घासून साफ करायला जाऊ नका, उरलेसुरले अंकही जातील. ती तशीच केंद्राकडे पाठवा, पुसट अंक वाचायची रासायनिक पद्धत त्यांच्याकडे असते. आठवण म्हणून कडी परत हवी असेल तर पाठवतानाच तसं लिहा.