मौनाचा अधिकार (आरोपीचा)

गुन्ह्याचा आळ आलेल्या माणसाला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही, असे संविधानाचा अनुच्छेद २०(३) सांगतो. २६ जानेवारी १९५० रोजी तो लागू झाला, तेव्हा मराठवाड्यातून निजामाची राजवट जाऊन दीड वर्षही झाले नव्हते. गावच्या पारावरचा न्याय मात्र उलटा: ‘कर नाही त्याला डर कशाला’ म्हणत गप्प बसणाऱ्यावरच आधी संशय घेतला जातो.

१९७८ च्या नंदिनी सत्पथी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे संरक्षण पोलीस चौकशीलाही लागू केले. २०१० मध्ये संमतीशिवाय नार्को चाचणी करण्यास मनाई झाली. बोटांचे ठसे आणि हस्ताक्षराचे नमुने मात्र द्यावेच लागतात. १९६१ पासून ते ‘साक्ष’ मानले जात नाहीत.

खरी गोम पोलीस ठाण्यात आहे. पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही. पण भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ मध्ये (जुन्या पुरावा कायद्याचे कलम २७) एक फट ठेवलेली आहे. पीसीआरमधला (पोलीस कोठडीतला) आरोपी दोन पंचांसमोर म्हणतो, ‘कोयता कडब्याच्या गंजीत लपवलाय, काढून देतो, चला.’ हा निवेदन पंचनामा. मग जीप शेतात जाते, गंजी उपसली जाते, कोयता खाकी कागदात गुंडाळून लाखेने सीलबंद होतो. यातले ‘लपवलाय, काढून देतो’ एवढेच पुराव्यात येते. ‘याच कोयत्यानं मारलं’ हे वाक्य बाद, असे प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश काळातले अपिलाचे सर्वोच्च न्यायालय) १९४६ मध्येच ठरवून दिले. निवेदन आरोपीचे असले तरी भाषा बहुतेकदा हवालदाराची असते. खटला उभा राहीपर्यंत पंच फितूर झालेला असला, तर त्याचेही कुणाला फारसे नवल वाटत नाही. मकोका हा संघटित गुन्हेगारीविरोधातला राज्याचा कायदा (१९९९) लागला की पोलीस अधीक्षक वा त्यावरच्या अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाबही चालतो.

पुरावा संपल्यावर न्यायाधीश आरोपीला विचारतात, ‘यावर काय म्हणणे आहे?’ शपथ नसते. ‘खोटे आहे’, ‘माहीत नाही’ ही ठरलेली उत्तरे. गप्प राहिले तरी शिक्षा नाही. मात्र घराच्या चार भिंतींआड खून झाला, तर काय घडले याचा खुलासा घरातल्यांनी करायला हवा; नुसते गप्प राहून सुटता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका विवाहितेच्या खून खटल्यात म्हटले.