रोटरी इंजिनचं घरी बांधलेलं विमान: अमेरिकेत नोंदणी, कागदपत्रं आणि पहिले ४० तास

अमेरिकेत घराच्या गॅरेजमध्ये विमान बांधून ते रीतसर उडवता येतं, आणि त्यात विमानाचंच इंजिन हवं अशी सक्ती नाही. माझदा आरएक्स-७ गाडीचं १३बी रोटरी इंजिन बसवलेली विमानं तिथे कित्येक वर्षं उडताहेत. कागदपत्रांचा भाग बाहेरून वाटतो तितका अवघड नाही. कस लागतो तो प्रमाणपत्र हातात पडल्यावर, उड्डाणाच्या पहिल्या ४० तासांत. म्हणून इथे त्या तासांबद्दल जास्त लिहिलं आहे.

आधी एक घोळ मिटवू. पहिल्या महायुद्धातल्या नोम आणि ल रोन इंजिनांनाही रोटरीच म्हणत. त्यात सिलिंडरांसकट सगळं इंजिन प्रोपेलरबरोबर फिरायचं. आपला विषय आहे तो फेलिक्स वान्केल यांच्या कल्पनेतून आलेलं, तिकोनी रोटरचं इंजिन. १३बीमध्ये असे दोन रोटर असतात, प्रत्येकी ६५४ सीसीचे. पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाही. हलणारे भाग इतके कमी की हौशी माणसाला ते स्वतः उघडून, समजून घेऊन पुन्हा जोडता येतं.

पात्रता

विमान ‘अॅमॅच्युअर-बिल्ट’ ठरायचं तर त्याचा मोठा हिस्सा अशा माणसांनी घडवलेला आणि जोडलेला हवा, ज्यांनी हे काम केवळ शिकण्यासाठी किंवा छंद म्हणून हाती घेतलं. यालाच सगळे ५१ टक्क्यांचा नियम म्हणतात. मोजदाद पैशांची किंवा तासांची नसते, कामांची असते. पैसे देऊन दुसऱ्याकडून करून घेतलेलं काम तुमच्या खात्यात धरत नाहीत. इंजिन, प्रोपेलर, चाकं, ब्रेक या वस्तू मात्र विकत घेतल्या तरी चालतात. म्हणजे जुन्या गाडीचं इंजिन आणलं म्हणून पात्रता जात नाही.

तिथल्या आपल्या मराठी मंडळींनी एक गोष्ट सुरुवातीलाच पाहून घ्यावी. विमानाची नोंदणी व्यक्तीच्या नावावर करायची तर ती व्यक्ती अमेरिकी नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक लागते. एच-१बी व्हिसावर असताना बांधायला कोणी अडवत नाही, पण नोंदणी स्वतःच्या नावावर होत नाही. बांधणाऱ्याला वैमानिकाचा परवाना असायलाच हवा असं नाही. तो लागतो उडवणाऱ्याला.

कागदपत्रं

पहिलं काम नोंदणीचं. एफएए म्हणजे अमेरिकेची हवाई वाहतूक नियामक संस्था. तिच्या ओक्लाहोमा सिटीतल्या विमान नोंदणी कार्यालयाकडे ८०५०-१ हा अर्ज, ५ डॉलर शुल्क आणि विमान तुम्हीच बांधलंय हे सांगणारं ८०५०-८८ हे शपथपत्र पाठवायचं. किट (विमानाच्या सुट्या भागांचा तयार संच) घेतलं असेल तर त्याची विक्रीपावतीही जोडायची. यातून ‘एन’ने सुरू होणारा क्रमांक मिळतो. हे काम विमान पूर्ण होण्याच्या काही महिने आधीच उरकून घ्या.

पुढचा अर्ज उड्डाणयोग्यतेच्या विशेष प्रमाणपत्राचा, ८१३०-६. सोबत ८१३०-१२ हे पात्रतेचं निवेदन, नोटरीसमोर सही केलेलं. विमानाचे तिन्ही बाजूंचे फोटो किंवा रेखाटनं, वजन आणि गुरुत्वमध्याचा तक्ता, आणि चाचणी कुठे व किती तास करणार हे सांगणारं पत्र. सर्वांत महत्त्वाची तुमची बांधकामाची वही. तारीख, काय केलं, आणि फोटो. फोटोत कामाबरोबर तुमचे हातही दिसू द्या. काही वर्षांनी तपासनीस समोर बसून ‘ही पंखाची रिब कोणी केली?’ असं विचारतो, तेव्हा आठवणीपेक्षा फोटो उपयोगी पडतो.

विमानावर आगीत न जळणारी पाटी लावावी लागते. तिच्यावर निर्माता, मॉडेल आणि अनुक्रमांक कोरलेला असतो. निर्माता म्हणून तिथे तुमचं स्वतःचं नाव येतं. मी पहिल्यांदा अशी पाटी जवळून पाहिली तेव्हा बराच वेळ तिच्यावर बोट फिरवत उभा होतो. कॉकपिटच्या दारापाशी ‘एक्स्परिमेंटल’ हा शब्द किमान २ आणि जास्तीत जास्त ६ इंची अक्षरांत लिहावा लागतो. हे विमान प्रमाणित विमानांचे सुरक्षानियम पाळत नाही, अशी सूचना प्रवाशाला दिसेल अशी आत लावायची.

तपासणी एफएएचा अधिकारी करतो किंवा एफएएने नेमलेला खासगी तपासनीस, म्हणजे डीएआर. अधिकारी शुल्क घेत नाही, डीएआर घेतो. पण डीएआरची वेळ सहसा लवकर मिळते. त्या दिवशी काउलिंग (इंजिनावरचं आवरण) आणि सगळी झाकणं उघडी ठेवा. एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या: तपासनीस तुमच्या इंजिनाची हमी देत नाही. बांधणी कायद्यात बसते का आणि विमान सुरक्षित अवस्थेत दिसतं का, एवढंच तो पाहतो.

४० तास कशासाठी

प्रमाणपत्रासोबत ‘ऑपरेटिंग लिमिटेशन्स’, म्हणजे विमान उडवण्याच्या अटी मिळतात. त्यात चाचणी-उड्डाणांचा पहिला टप्पा म्हणजे फेज वन. विमानासाठी प्रमाणित इंजिन-प्रोपेलरची जोडी असेल तर साधारण २५ तास, नसेल तर ४०. १३बीला विमानाचं प्रमाणपत्र नाही, म्हणून ४०. अलीकडे तासांऐवजी चाचण्यांची ठरावीक यादी पूर्ण करण्याचा पर्यायही आहे, पण रोटरीवाल्यांनी ४० तासांचीच तयारी ठेवावी असं मला मनापासून वाटतं. या काळात दिवसाच उडायचं, नेमून दिलेल्या विरळ वस्तीच्या भागातच राहायचं आणि प्रवासी घ्यायचा नाही.

पहिल्या उड्डाणाच्या आधी जमिनीवरची एक चाचणी कधीही टाळू नका: इंधनाच्या प्रवाहाची. पंपाने इंधन येत असेल तर पूर्ण शक्तीला जेवढं लागतं त्याच्या १२५ टक्के यायला हवं, आणि तेही नाक चढणीला असतं त्याहून थोडं वर उचलून. समजा तासाला १६ गॅलन लागतात, तर २० यायला हवेत, म्हणजे तीन मिनिटांत एक गॅलन. एका मित्राच्या विमानाच्या चाचणीला मी स्टॉपवॉच धरून बसलो होतो. पुढचं चाक फळ्यांवर चढवलेलं, खाली खुणांचा कॅन. गॅलन भरायला साडेचार मिनिटं लागली. दोन्ही पंप व्यवस्थित, गाळणी स्वच्छ. शेवटी फायरवॉलमागे (इंजिन आणि कॉकपिट यांमधल्या आगरोधक भिंतीमागे) नळीला पडलेली मुरड सापडली. जमिनीवर कमी शक्तीला ते इंजिन छान चालत होतं. टेकऑफनंतर मात्र ते उपाशी राहिलं असतं.

रोटरीचा दुसरा प्रश्न उष्णतेचा. इथे तेल नुसतं वंगण नाही, रोटर आतून तेच थंड करतं. त्यामुळे कूलंटच्या रेडिएटरइतकीच तेलाच्या कूलरलाही मोकळी हवा लागते. जमिनीवर रेंगाळलात तर दोन्ही काटे चढतात. पहिल्या उड्डाणात नाक फार उचलू नका. वेग थोडा जास्त ठेवला की हवा जास्त मिळते. एक्झॉस्ट इतका तापतो की साधा मफलर फुटतो, तेव्हा प्रत्येक उतरणीनंतर काउलिंग काढून तडे पाहायचे. इंजेक्शन, इग्निशन, पंप सगळं विजेवर चालतं, म्हणून दुसरी बॅटरी आणि दुसरा पंप ही चैन समजू नका.

पहिलं उड्डाण धावपट्टीवरच घिरट्या घालत करायचं. खाली रेडिओ आणि अग्निशामक घेऊन माणूस उभा हवा. १९५३ मध्ये स्थापन झालेल्या ईएए या घरी विमानं बांधणाऱ्यांच्या संघटनेचे तांत्रिक सल्लागार आणि उड्डाण सल्लागार ही मदत विनामूल्य करतात. त्यांना बांधकाम चालू असतानाच बोलवा.

तास पूर्ण झाले की वहीत नोंद करायची: विमान सर्व वेगांत ताब्यात राहतं, धोकादायक दोष नाही, आणि स्टॉल (वेग घटून पंखांची उचल कोसळते ती अवस्था), चढणीचा सर्वोत्तम कोन व सर्वोत्तम दर यांचे मोजलेले वेग, वजनासह. मग प्रवासी नेता येतो. आधीच प्रमाणपत्र मिळालेल्या विमानात कोणी नंतर रोटरी बसवलं तर तो मोठा बदल धरतात: एफएएच्या स्थानिक कार्यालयाला कळवून पुन्हा किमान ५ तास फेज वन करावी लागते.

भारतात ही वाट वेगळी आणि बरीच खडतर आहे. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत चारकोपला इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं. २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं, पण उडवून पाहण्याची परवानगी डीजीसीएकडून (भारताच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडून) मिळायला २०१९ उजाडलं. वर सांगितलेले अमेरिकी अर्ज भारतात लागू होत नाहीत.

शेवटचा अर्ज बरेच जण विसरतात: रिपेअरमन सर्टिफिकेट. ते मुख्य बांधणाऱ्यालाच मिळतं, वय १८ पूर्ण हवं आणि नागरिकत्वाची किंवा ग्रीन कार्डची अट इथेही आहे. दर १२ महिन्यांनी करावी लागणारी तपासणी मग तुम्ही स्वतः करून वहीत सही करू शकता, पण फक्त त्याच एका विमानाची.