बंद नोंद आणि खुली तक्रार: मालिकेतल्या सैनिक बाईला न दिसणारी वाट

न्यूयॉर्कमधलं एखादं रुग्णालय. खाटेवर पंचविशीतली सैनिक मुलगी, शेजारच्या खुर्चीवर तिच्या गणवेशाची घडी, दारात दोन डिटेक्टिव्ह. 'मला तक्रार करायची नाही,' ती म्हणते. त्यांच्यातली बाई जवळ बसते, आवाज खाली आणते आणि ठरलेलं वाक्य बोलते: तू गप्प बसलीस तर उद्या तो दुसरीला गाठेल. मुलगी खिडकीकडे पाहत राहते. जाहिराती संपतात तोवर ती तयार झालेली असते.

हा कुठल्या एका भागातला प्रसंग नाही, साचा आहे. १९९९ पासून चालू असलेली 'लॉ अँड ऑर्डर: एसव्हीयू' किंवा २००३ पासूनची 'एनसीआयएस' ही अमेरिकी गुन्हेमालिका ज्यांनी बसून पाहिली आहे, त्यांना तो ओळखीचा वाटेल. या साच्यात बाईपुढे दोनच वाटा असतात: बोलायचं, नाहीतर गप्प बसायचं. अमेरिकी सैन्यदलांत मात्र २००५ पासून तिसरी वाट आहे. तिचं नाव 'रिस्ट्रिक्टेड रिपोर्ट'. आपल्याला माहीत असलेली चौकशीवाली तक्रार म्हणजे 'अनरिस्ट्रिक्टेड रिपोर्ट'. दोन्हींत 'रिपोर्ट' हा शब्द आहे, म्हणून बघणाऱ्याचा गोंधळ होतो. मराठीत तर जास्तच, कारण आपल्याकडे 'रिपोर्ट केला' म्हणजे पोलीस ठाणं आणि एफआयआर. म्हणून इथे मी माझ्यापुरते शब्द करून घेते: बंद नोंद आणि खुली तक्रार.

बंद नोंद पोलिसांकडे जातच नाही. बाई तीन प्रकारच्या लोकांकडे जाऊ शकते. पहिला, लष्करी तळावरचा लैंगिक अत्याचार प्रतिसाद समन्वयक. त्या पदाच्या इंग्रजी आद्याक्षरांचा उच्चार 'सार्क' होतो. आपल्या शेजारी देशांच्या सार्कशी त्याचा काही संबंध नाही. दुसरा, 'व्हिक्टिम अ‍ॅडव्होकेट', म्हणजे तिच्या बाजूनं उभं राहायला नेमलेला माणूस, वकील नव्हे. तिसरा, लष्करी डॉक्टर किंवा नर्स. यांच्यापैकी कुणाकडेही ती गेली की उपचार मिळतात, समुपदेशन मिळतं, आणि तिची इच्छा असेल तर न्यायवैद्यक तपासणी होऊन नमुने सीलबंद ठेवले जातात. त्यावर तिचं नाव नसतं, क्रमांक असतो. तळाच्या कमांडरला एवढंच कळतं की अत्याचाराची एक नोंद झाली आहे. कुणाची, ते कळत नाही. तपास सुरू होत नाही.

आपल्याला हे चमत्कारिक वाटतं, कारण भारतातल्या कायद्याची घडण वेगळी आहे. इथे रुग्णालयानं अत्याचारग्रस्त बाईवर मोफत उपचार करायचे आणि लगेच पोलिसांना कळवायचं, अशी तरतूद आहे. उपचार आणि पोलीस एकाच दोरीत बांधलेले. बंद नोंद ती दोरी सोडवते.

खुल्या तक्रारीत सगळंच उलट. कमांडरला नाव कळतं आणि गुन्हे अन्वेषण शाखा कामाला लागते: भूदलात सीआयडी, नौदल आणि मरीन कोअर या समुद्री पायदळासाठी खरीखुरी एनसीआयएस, हवाई दलात ओएसआय. त्या बदल्यात तिला काही गोष्टी मागता येतात. आरोपीनं जवळ येऊ नये असा लष्करी आदेश निघू शकतो, दुसऱ्या तुकडीत किंवा तळावर तातडीनं बदलीसाठी अर्ज करता येतो. आणि एक नियम मालिका लिहिणाऱ्यांनी भिंतीवर चिकटवून ठेवावा असा आहे: बंद नोंद कधीही खुली करता येते, खुली तक्रार मात्र परत बंद होत नाही. त्यामुळे 'आधी बंद, मग बघू' असं म्हणणारी बाई कच खात नसते. ती दार उघडं ठेवत असते.

मालिकेतल्या कोर्टात आरोपीचा वकील हमखास विचारतो, 'चार महिने काय करत होतीस?' कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर जातो, डोळे भरतात, प्रेक्षकाच्या मनातही शंकेची पाल चुकचुकते. खऱ्या आयुष्यात त्या चार महिन्यांचं उत्तर दुसऱ्याच दिवशी सही केलेल्या एका फॉर्मात असू शकतं, आणि कपाटातल्या सीलबंद खोक्यात. पटकथेत तो फॉर्म सहसा नसतो.

का नसतो, हे मला फार कठीण वाटत नाही. गुन्हेमालिकेचं इंजिन तपास आहे, आणि बंद नोंद म्हणजे तपास नको असं लेखी सांगणं. डिटेक्टिव्ह दाराबाहेरच राहिली तर चाळीस-बेचाळीस मिनिटं दाखवणार काय? म्हणून तिला आत यावंच लागतं, मन वळवावंच लागतं, आणि बाईचा नकार हा भीतीतून आलेला अडथळा ठरतो. तो विचार करून घेतलेला निर्णय असेल, ही शक्यता गोष्टीला परवडत नाही. त्यात एसव्हीयूतले डिटेक्टिव्ह न्यूयॉर्क शहराचे. त्या शहरात भूदलाचा एकच चालू तळ आहे, ब्रुकलिनचा फोर्ट हॅमिल्टन. देशातल्या बहुतेक सैनिक बायका ज्या तळांवर राहतात तिथे असा शहरी पोलीस त्यांच्या खाटेपाशी येऊन बसणं दुर्मीळच.

खुली तक्रार तरी मालिका नीट दाखवतात का? तीही अर्धीच. डिसेंबर २००८ मध्ये एसव्हीयूचा 'पीटीएसडी' नावाचा भाग आला. त्यात एका गरोदर मरीन सैनिक बाईचा खून होतो. त्याच वर्षी जानेवारीत नॉर्थ कॅरोलायनात, कॅम्प लज्यून या मरीन तळाच्या परिसरात, एका २० वर्षांच्या गरोदर मरीनचा मृतदेह सहकारी सैनिकाच्या घरामागच्या अंगणात पुरलेला सापडला होता. तिनं आदल्या वर्षी त्याच सैनिकावर बलात्काराची तक्रार केली होती. म्हणजे वाट खुलीच निवडली होती. आरोपी मेक्सिकोत पकडला गेला आणि २०१० मध्ये खुनाबद्दल दोषी ठरला. बलात्काराचा खटला उभाच राहिला नाही. मालिकेत तक्रार म्हणजे शेवटाची सुरुवात असते. तिच्या बाबतीत तक्रारीनंतर महिनोन्‌महिने काहीच पुढे सरकलं नव्हतं.

अडकत होतं ते एका खुर्चीपाशी. खटला चालवायचा की नाही, हे अनेक वर्षं कमांडर ठरवत असे. कायद्याचा अभ्यास नसलेला अधिकारी, आणि पुष्कळदा तक्रार करणारी आणि आरोपी, दोघंही त्याच्याच हाताखालचे. तक्रार केली तर घरात भांडण लावल्यासारखं, नाही केली तर तोंड दाबून बुक्क्यांचा मार. सिनेटर कर्स्टन गिलिब्रँड २०१३ पासून हा अधिकार काढून घ्यायच्या मागे होत्या. पण गाडी हलली ती टेक्सासमधल्या फोर्ट हूडवर व्हनेसा गियेन या सैनिकाचा एप्रिल २०२० मध्ये खून झाल्यावर. एका वरिष्ठानं तिचा लैंगिक छळ केला होता आणि ते वर कळवूनही नेतृत्वानं काही केलं नाही, असं भूदलाच्याच चौकशीत निघालं. तो वरिष्ठ म्हणजे तिचा खुनी नव्हे. या दोन माणसांचीही नेहमी गल्लत होते. डिसेंबर २०२१ च्या कायद्यानं कमांडरचा हा अधिकार काढला आणि २८ डिसेंबर २०२३ पासून अशा खटल्यांचा निर्णय स्वतंत्र लष्करी वकिलांकडे गेला. त्या तारखेआधीचा भाग पाहताना कमांडरच्या केबिनमधला प्रसंग नाटकी वाटला, तरी अधिकार खरोखर तिथेच होता.

आकडे सांगायचे तर २०२१ साली सुमारे ३६ हजार सैनिकांवर लैंगिक अत्याचार झाल्याचा अमेरिकी संरक्षण खात्याचा अंदाज आहे. त्यातल्या साधारण पाचांतल्या एकानंच दोन्हींपैकी कुठल्याही प्रकारची नोंद केली. आणि त्या ३६ हजारांत १६ हजारांहून जास्त पुरुष होते. प्रमाण पाहिलं तर बायकांना धोका कितीतरी जास्त, पण सैन्यात पुरुषच इतके की संख्या जवळजवळ येते. मालिकांत खाटेवर बसलेला पुरुष सैनिक मला फार क्वचित दिसला.

राहिलं ते डिटेक्टिव्हचं ठरलेलं वाक्य, उद्या तो दुसरीला गाठेल. त्यात तथ्य आहे, म्हणूनच ते टोचतं. गुन्हेगाराच्या पुढच्या गुन्ह्याचं ओझं ते आधीच मोडलेल्या बाईच्या खांद्यावर टाकतं. २०१९ पासून संरक्षण खात्यानं यावर 'कॅच' नावाची सोय केली आहे. बंद नोंद केलेली बाई आपलं नाव न देता आरोपीबद्दल माहिती भरून ठेवते: नाव, दिसणं, जागा, त्यानं काय केलं. ती माहिती दुसऱ्या कुणी दिलेल्या माहितीशी जुळली, तर समन्वयक तिला फोन करतो. सांगतो की तुझ्यासारखी आणखी कुणीतरी आहे, नोंद खुली करायची का? ती तेव्हाही नाही म्हणू शकते, आणि फोन ठेवला जातो.