ई-क्लासवरचं गवत

२००६ मध्ये शेतकरी आत्महत्यांमुळे जाहीर झालेल्या पंतप्रधानांच्या पॅकेजातून विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत अनुदानावर दुधाळ गायी आल्या. गाय दारात बांधली, पण तिच्यापुढे टाकायचं काय? तोवर ज्वारीची जागा सोयाबीननं घेतली होती. ज्वारीबरोबर कडबाही गेला, घरात राहिलं सोयाबीन-तुरीचं कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा. नुसत्या कुटारावर संकरित गाय बादली भरत नाही. बऱ्याच जणांनी ती विकून टाकली.

वैरणीची ओढाताण मात्र सोयाबीनच्याही आधीची. १८५३ मध्ये वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात गेलं. १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी पेटली नि इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ ला रेल्वे नागपुरात पोचली. कपाशीसाठी कुरणंही नांगराखाली आली, आणि ढोरांसाठी उरलं ते तलाठ्याच्या दप्तरात ई-क्लास म्हणून, म्हणजे गावच्या चराईची सरकारी जमीन. आज गावोगाव त्यावर अतिक्रमण आहे.

गवताचा शास्त्रशुद्ध अभ्यास तसा उशिराच सुरू झाला. झाशीची चारा संशोधन संस्था १९६२ ची. दाबडघाव आणि शंकरनारायण यांनी १९७३ मध्ये देशातल्या गवताळ प्रदेशांचे पाच प्रकार मांडले. त्यात आपला भाग सेहिमा-डायकँथियमचा, म्हणजे सरळ पवन्या आणि मारवेलचा. गावच्या ढोरक्याला हे कोणी सांगावं लागलं नसतं! पण कापणीचं गणित संशोधनानं पक्कं केलं. गवत फुलोऱ्यात कापलं तर त्यात प्रथिनं असतात. बी धरलं की काडी उरते, आणि कुसळी गवत असेल तर तिची कुसळं ढोरांच्या तोंडात रुततात. आपल्याकडे कापणी बहुधा दिवाळीनंतर, म्हणजे नेमकी उशिरा. गवतात स्टायलो हे शेंगवर्गीय चारापीक पेरलं तर तो हवेतला नत्र जमिनीत धरतो, युरिया वाचतो, चाराही सकस होतो. दुधाच्या खर्चात सगळ्यात मोठा वाटा खाद्याचा, त्यामुळे नफा इथंच ठरतो.

गायीची बाजू वर्ध्यानं आधीच धरली होती. १९४१ मध्ये तिथं गोसेवा संघ निघाला, जमनालाल बजाजांनी अखेरचे महिने त्यालाच दिले. जोर देशी गायीवर, म्हणजे इथल्या गवळाऊवर. ती दूध कमी देते, पण माळावर चरून जगते.

पुढं संकरित नेपियर हे उंच वाढणारं चाऱ्याचं गवत आलं. भरघोस येतं, पण त्याला बारमाही ओल लागते. विहीर नसलेल्यानं काय करावं? त्याच्यासाठी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, मारवेलचे ठोंब, हा स्वस्तातला उपाय. आता धुऱ्यावरही तणनाशक मारतात, त्यात तेही जळतं.