माउसच्या पॉइंटरचा वेग नेमका कशावर ठरतो?

पॉइंटर फार पळतो किंवा रेंगाळतो असे वाटले, की आपण सेटिंग्जमध्ये जाऊन वेगाची पट्टी पुढेमागे सरकवतो. त्याने माउसमध्ये काहीच बदलत नाही; माउसने पाठवलेल्या आकड्यांना संगणक ज्या गुणकाने गुणतो, तो गुणक तेवढा बदलतो.

पॉइंटर पडद्यावर कोठे आहे, हे माउसला ठाऊक नसते. ऑप्टिकल माउसच्या तळाशी एक चिमुकला कॅमेराच बसवलेला असतो. छोट्या दिव्याच्या तिरप्या उजेडात टेबलाच्या पृष्ठभागाचा सूक्ष्म खडबडीतपणा उठून दिसतो, त्याची दर सेकंदाला हजारो चित्रे टिपली जातात आणि लागोपाठच्या चित्रांची तुलना करून माउस आडवा किती व उभा किती सरकला, एवढेच संगणकाला कळवले जाते. एक इंच सरकताना असे जितके टप्पे मोजले जातात, तो त्या माउसचा डीपीआय. माउस ८०० डीपीआयचा असेल आणि एका टप्प्याला एक पिक्सेल असा सरळ हिशेब असेल, तर १९२० पिक्सेल रुंदीचा पडदा ओलांडायला माउस २.४ इंच, म्हणजे सुमारे ६ सेंटिमीटर सरकवावा लागतो. ३८४० पिक्सेलच्या पडद्यावर हेच अंतर दुप्पट होते. मॉनिटर बदलल्यावर जुना माउस अचानक मंद वाटू लागतो, तो यामुळेच.

विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमधील पट्टीवर ११ खुणा असतात आणि त्यांतील सहावी, म्हणजे अगदी मधली, या सरळ हिशेबाची असते. आठव्या खुणेवर गुणक २ होतो, म्हणजे प्रत्येक टप्प्याला पॉइंटर दोन पिक्सेल उडी घेतो आणि मधला पिक्सेल वगळला जातो. छायाचित्राची कड कापताना ही उडी फार जाचते. म्हणून माउसवर डीपीआय बदलण्याचे बटण असेल, तर वेग त्यानेच वाढवावा आणि पट्टी मधोमध ठेवावी, हे मला अधिक योग्य वाटते.

मात्र वेग कितीही वाढवून चालत नाही. लक्ष्य जितके दूर आणि जितके लहान, तितका तेथे पोहोचायला वेळ अधिक, हा संबंध मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये गणिती सूत्रात मांडला आणि पुढे तो माउसलाही लागू पडल्याचे दिसून आले. हात आधी एक मोठी झेप घेतो व मग बारीक दुरुस्त्या करतो. वेगवान पॉइंटर झेपेला सोयीचा असतो, तर मंद पॉइंटर दुरुस्तीला. दोन्ही साधण्यासाठी विंडोजमध्ये ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’ हा पर्याय असतो, ज्यात हात झपकन हलवला तर गुणक वाढतो आणि सावकाश हलवला तर कमी होतो. टेबलावर जागा अपुरी असेल तर तो उपयोगी पडतो. परंतु तो सुरू असताना मधल्या खुणेचा सरळ हिशेब लागू राहत नाही, आणि हाताच्या ठरावीक अंतराला नेहमी ठरावीकच हालचाल हवी असलेल्या संगणकीय खेळांत तो बंद ठेवणेच बरे.

योग्य वेग शोधताना पडद्याच्या मध्यभागी असलेल्या एखाद्या लहान आयकॉनकडे एका झेपेत जाऊन पाहावे. कोपऱ्यातील बटण या चाचणीला निरुपयोगी असते, कारण पडद्याच्या कडेला पॉइंटर आपोआप थांबतो आणि चूक झाकली जाते. पॉइंटर वारंवार आयकॉनच्या पुढे जात असेल तर वेग एका खुणेने कमी करावा, माउस उचलून पुन्हा ठेवावा लागत असेल तर वाढवावा, आणि प्रत्येक बदलानंतर हाताला सवय व्हायला एक-दोन दिवस द्यावेत.